लुईस मास्तरांची गिटार आणि सुधाकरची चमक

मी एक जुनी गिटार आहे, मित्रांनो. वसईच्या पश्चिमेला नंदाखाल गावात, नारळी-केळीच्या वाडीतल्या एका घरात माझा जन्म झाला आणि आजही मी त्याच घरात राहते. माझ्या तारा नायलॉनच्या. त्या बोटांनी हळुवार छेडायच्या असतात. अशा गिटारला क्लासिकल गिटार म्हणतात.

मला घडवलं लुईस मास्तरांनी. त्यांचे वडील सुतार होते. गावातली दारं, खिडक्या, चर्चमधले बाक असं सगळं ते करायचे. लुईस मात्र तरुणपणी मुंबईला वाद्यांच्या एका दुकानात दुरुस्तीच्या कामाला लागले. तिथे एकदा परदेशातून आलेली एक फुटकी गिटार त्यांच्या हातात पडली. तिच्या पोटात हात घालून त्यांनी आतली एकेक पट्टी चाचपून पाहिली आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोला म्हणाले, "कॅथरिन, यापुढे मी दारं करणार नाही."

"मग लोकांनी घरात खिडकीतून शिरायचं काय?" कॅथरिनबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच पडवीतला अर्धा भाग झाडून कामाला मोकळा करून दिला.

माझी वरची फळी एका मोडक्या पियानोतून आली. ती थंड देशातल्या स्प्रूस नावाच्या झाडाची आहे. पाठ आणि कडा शिसवीच्या, जुन्या पलंगाच्या. मास्तर पावसाळाभर नुसतं तासकाम करत. जून ते सप्टेंबर सरसाचं भांडं चुलीवर चढतच नसे, कारण दमट हवेत चिकटवलेलं लाकूड पुढे कोरड्या हवेत आकसतं आणि तडकतं. गिऱ्हाईक कितीही घाईचं असो, त्याला जानेवारीपर्यंत थांबावंच लागे. सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत माझी फळी तासताना मास्तर ती कानाशी धरत, बोटाच्या पेराने टकटक करत आणि ऐकत. पुन्हा थोडं तासत, पुन्हा ऐकत. शेवटी ती जेमतेम दोन मिलिमीटर उरली तेव्हा त्यांनी रंधा खाली ठेवला.

मग मी कॅथरिनबाईंच्या ताब्यात गेले. मित्रांनो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती. या घरातल्या प्रत्येक गिटारला पॉलिश त्याच करत. लाखेच्या सोनेरी पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या, जुन्या लुगड्याच्या मऊ चिंधीची पुरचुंडी करून त्यात बुडवायची आणि गोल गोल फिरवत इतका पातळ थर द्यायचा, की तो दिला हे डोळ्यांनाही कळू नये. असे शंभर-दीडशे थर. त्यात महिना जाई. मास्तर म्हणत, "आवाज मी काढतो. तो अडणार नाही हे ती बघते."

मुंबईहून, पुण्याहून वादक येत. माझ्या बहिणी एकेक करून त्यांच्याबरोबर दूर गेल्या. मला न्यायलाही एकजण आला होता, पण कॅथरिनबाईंनी दारातच सांगितलं, "ही नाही. ही घरची." तेव्हापासून रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली की मास्तर मला मांडीवर घेत. त्यांच्या घामाने माझी कड काळवंडली, अंगठ्याजवळचं पॉलिश झिजलं. ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस होते.

गेल्या वर्षी जानेवारीत मास्तर गेले. मला पेटीत घालून कपाटावर ठेवलं. कोणी रागाने नाही ठेवलं. माझ्याकडे पाहवत नव्हतं, एवढंच.

यंदा त्यांच्या वर्षाच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, गावच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. मास्तरांच्या गिटारी वाजवणारे वादक यायचे होते आणि शेवटी मास्तरांची नात प्रियल माझ्यावर आजोबांची आवडती धून वाजवणार होती. मास्तरांचा मुलगा डेरिक बँकेत नोकरीला आहे. त्याने मला पेटीतून काढलं आणि माझं मळकट अंग पाहून त्याला वाईट वाटलं. एवढे लोक येणार, पप्पांची गिटार अशी दिसायला नको, म्हणून तो मला शेजारच्या वटार गावातल्या सुधाकरकडे घेऊन गेला. सुधाकर फर्निचर पॉलिशवाला, मास्तरांना फार मानणारा. त्याने मन लावून माझ्यावर मशीनने चकचकीत पॉलिश फवारलं. एकावर एक चार जाड हात.

मी घरी आले तेव्हा माझ्यात तोंड दिसत होतं. प्रियलने आनंदाने मला मांडीवर घेतलं, पहिला सूर छेडला आणि ती थबकली. सूर उमटला तसा जागेवरच बसला. भरलेल्या पिंपावर थाप मारावी तसा.

"पप्पा, ही बोलतच नाहीये!"

"नवीन तारा आहेत, बसतील," डेरिक म्हणाला. "लूक बघ ना काय आलाय!"

आतल्या खोलीतून कॅथरिनबाई काठी टेकत आल्या. ऐंशी उलटलेल्या, एका डोळ्याने अंधुक दिसणाऱ्या. त्यांनी माझ्या पोटावर पेराने टकटक केली, कान लावला आणि विचारलं, "हिला रेनकोट कोणी घातला?"

डेरिक ओशाळला. मग हळूच म्हणाला, "आई, दहा दिवस राहिलेत. प्रियल दुसऱ्या गिटारवर वाजवेल. ही आपण स्टेजवर मांडून ठेवू. बघायला तर आहे ना."

"बघायला त्यांचा फोटो आहे," कॅथरिनबाई म्हणाल्या. "हिच्यात त्यांचा आवाज आहे. माझी पोलादी पट्टी काढ."

मित्रांनो, तेव्हा मला खरी भीती वाटली. तो थर खरवडून काढायचा होता. खाली माझं लाकूड दोन मिलिमीटर. पट्टी जराशी खोल गेली असती, तर मी कायमची संपले असते. सुधाकरला कळलं तसा तो बिचारा स्कूटरवरून धावत आला, हातात पॉलिश उतरवायच्या औषधाचा डबा घेऊन.

"मावशी, हे लावा, दहा मिनिटांत निघेल सगळं."

"सगळंच निघेल रे बाबा. आत सरस आहे. सांध्यांत उतरलं तर हिचे तुकडे गोळा करायला तुलाच बोलवीन."

"मग मी काय करू? मला झोप नाही लागायची."

"पट्टीला धार लावत बस. तेवढं येतं ना?"

सुधाकर खरोखर धार लावत बसला. प्रियलने मला घट्ट धरलं. कॅथरिनबाईंना जवळचं नीट दिसत नव्हतं, म्हणून त्या कानाने काम करत होत्या. चार वेळा पट्टी ओढायची, थांबायचं, टकटक करायची, ऐकायचं. सांधेदुखीने बोटं वाकडी झालेली, दर थोड्या वेळाने हात कोमट पाण्यात बुडवायचा. पहिल्या दिवशी काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी टकटक केल्यावर माझ्या आत काहीतरी सैल झालं. कॅथरिनबाई म्हणाल्या, "बस. आता केसभर पण जास्त नाही."

"कडेला अजून थोडं चमकतंय, आजी," प्रियल म्हणाली.

"राहू दे. पाठीवरची चमक पण राहू दे. तेवढी सुधाकरची आठवण."

महिनाभराच्या पॉलिशला आता आठवडासुद्धा नव्हता. त्यांनी लाखेचे मोजके पातळ थर दिले आणि मला वाऱ्यावर टांगलं. हॉलमध्ये गेले तेव्हा मी पोटाने फिकट, पाठीने चकचकीत, अशी दोन रंगांची होते. पुढच्या रांगेत कोणीतरी कुजबुजलं, "हीच का ती?" डेरिकने मान खाली घातली.

प्रियलने पहिला सूर छेडला. तो निघाला आणि हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. पूर्वीइतका उजळ नव्हता, किंचित घोगरा होता, पण माझाच होता. पाखरं उठावीत तसे मागोमाग बाकीचे सूर निघाले. मास्तरांच्या मांडीवर असताना मी जशी आतून थरथरत असे, तशी थरथरले. धून संपली आणि हॉलभर टाळ्या वाजल्या.

डेरिक खुर्च्यांमधून वाट काढत आईपाशी आला. "तू हे पॉलिश करायचीस तेव्हा मी कधी पाहिलंच नाही. लहानपणी त्या वासाने पळून जायचो."

"आता नाक दाबून ये," कॅथरिनबाई म्हणाल्या. "शनिवारी सुट्टी असते ना तुला?"

आता सुट्टीच्या शनिवारी पडवीत तिघे बसतात. डेरिक, प्रियल आणि वटारहून येणारा सुधाकर. समोर साध्या लाकडाच्या फळ्या, हातात पुरचुंड्या. मी खुंटीवरून ऐकत असते. "डेरिक, भांडी घासतोयस का? सुधाकर, दाबू नकोस रे, दार नाही ते! प्रियल, मनगट सैल सोड." अजून एकाचाही थर नीट बसत नाही. कॅथरिनबाई दर वेळी तो पुसायला लावतात आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवतात.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य असेल तर त्याला नुसतं चकचकीत करून ठेवू नका, वाजवा. आणि एखादी वस्तू मोठ्या माणसाच्या नावाने ओळखली जात असेल, तर तिच्यावर आणखी कोणाकोणाचे हात फिरले तेही विचारा. ते हात घरात असतील तर जवळ जाऊन बसा, ते कसे फिरतात ते पाहून घ्या. आमच्याकडे ते शिकणं आत्ता कुठे सुरू झालं आहे, आणि कॅथरिनबाईंना मार्चमध्ये ब्याऐंशीवं लागेल.