ओलं लाकूड

"अजून नाही रे. अजून ओलं बोलतंय."

वडिलांना जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी हा आवाज उर्बान मोशनिकच्या कानातून हलला नव्हता. माळ्यावर अक्रोडाच्या फळ्यांची चळत असायची. वडील एकेक फळी उचलायचे, बोटाच्या पेराने वाजवायचे, कान द्यायचे आणि मग डोळे मिटून ती गालाला लावायचे. गालाला गारवा लागला की फळी परत चळतीत. कधी एका हिवाळ्यासाठी, कधी चार. "ज्याची रायफल, त्याच्या गालाला हे लाकूड जन्मभर लागणार," ते म्हणायचे. "त्याआधी आपल्या गालाला लागू दे."

आज मे महिन्यातला पहिला रविवार. उर्बानने कामाच्या टेबलावर हिरवी लोकरी बनात अंथरली, खारवलेल्या मांसाचे पातळ काप केले, शेजारणीने दिलेला मनुकांचा गोल केक मधोमध ठेवला. कपाटातून सवयीने चौदा पेले काढले. मग अकरा परत ठेवले.

शिकारीचा हंगाम सुरू होण्याआधी मालकांनी आपापली रायफल घेऊन कारागिराकडे यायचं, तिचं तेलपाणी करून घ्यायचं आणि जेवून जायचं, ही वडिलांच्या वेळची रीत. एकेकाळी, बंदुका घडवणाऱ्या फेरलाख गावातल्या या घरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसे. मग एकेक माणूस गेला. त्यांच्या रायफली वर्ष-दोन वर्षं त्यांच्या बायका पाठवत राहिल्या. मग त्याही यायच्या थांबल्या. भिंतीवरच्या खुंट्या तेवढ्या राहिल्या, पाखरं उडून गेलेल्या फांद्यांसारख्या.

दार धाडकन उघडलं.

"उर्बान! आहेस का, की तुलाही खुंटीला टांगलं?"

"हळू रे हार्टल. बिजागरी माझ्याच वयाची आहे."

हार्टलची खाली नदीकाठी आरागिरणी होती. आता ती मुलगे चालवत आणि हार्टल दिवसभर त्यांच्या चुका मोजत बसे. त्याने रायफल बनातीवर ठेवली आणि खुर्चीला कुरकुर करायला लावत बसला.

उर्बानने ती उचलली. हातात येताच ओळख पटली, जशी अंधारातही घरची पायरी पायाला कळते.

"आठवतं?" हार्टल म्हणाला. "तू मला इथंच, या खिडकीशी उभं केलं होतंस. म्हणालास, डोळे मीट, रायफल खांद्याला लाव, आता डोळे उघड. उघडले, तर समोरच्या चर्चच्या कळसावर नेम! मी म्हटलं, हा माणूस चेटूक करतो."

"चेटूक कसलं! तुझं माप घेतलं होतं. हात, खांदा, मान."

"तेव्हा मला मान होती!"

दोघे हसले. उर्बानला बोलतं व्हायला एवढंही पुरलं. रायफलीचा लाकडी दस्ता आणि पोलाद यांच्यामध्ये केस शिरू नये म्हणून पोलादाला काजळी फासायची, लाकडात बसवायचं, काढायचं, जिथे काळं उमटेल तिथे पटाशीने एक पापुद्रा उडवायचा. पुन्हा काजळी, पुन्हा पापुद्रा. शंभर वेळा, दोनशे वेळा. शेवटी आगाथा तळहाताने जवसाचं तेल चोळायला बसायची. उर्बानच्या बायकोचे तळहात बारा महिने तेलाने पिवळे असायचे.

"गाणं म्हणायची ती," हार्टल म्हणाला. "कसलं ते?"

उर्बानने गळा खाकरला. गायला नाही, नुसता म्हणाला:

"अक्रोडाच्या झाडाखाली सावली दाट दाट,
दूर गेल्या गड्याची मी किती पाहू वाट."

हार्टलने पेला उचलला आणि बराच वेळ तोंडाला लावून ठेवला.

एवढ्यात दारावर हलकी टकटक झाली. आत या म्हटल्याशिवाय आत न येणारा माणूस आता एकच उरला होता.

"या, मास्तर, या!" हार्टल ओरडला. "आमचे धुकेमार मास्तर आले! वाटेत किती धुकी पाडलीत?"

एंगेलबर्ट मास्तर हसले. वर डोंगरातल्या झेल गावच्या शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं शिकवलं होतं. लग्न केलं नव्हतं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपीचा पट्टा नेहमीसारखा मोकळा होता. शिकार साधली की वाटाड्या फरच्या झाडाची डहाळी मोडून शिकाऱ्याच्या टोपीत खोवतो. मास्तरांच्या टोपीत ती कधी आलीच नाही.

एकतीस वर्षांपूर्वी आईच्या वाट्याचं कुरण विकून त्यांनी ही रायफल करवून घेतली होती. नळी थेट टोकापर्यंत लाकडात निजलेली, लाकडावर मधाच्या रंगाच्या लाटा. त्याच ऑक्टोबरात दाट धुक्यात, साऱ्या गावच्या शिकाऱ्यांसमोर, साठ पावलांवरचा, सांबराएवढा मोठा हरणाचा नर त्यांनी हुकवला. पुढल्या वर्षी पावसात एक रानबोकड जखमी केला. दोन दिवस रक्ताचा माग काढला, तो सापडला नाही. मास्तर तेव्हा रडले होते म्हणतात. उन्हाळ्यात मात्र हेच मास्तर नेमबाजीच्या मैदानावर दहाच्या दहा गोळ्या एका नाण्याएवढ्या जागेत घालत.

"कागदाला डोळे नसतात ना," हार्टल तेव्हापासून म्हणत आला होता. "जिवंत डोळे बघितले की मास्तरांचा हात लटपटतो."

पोरंही शाळेच्या भिंतीवर ढगाचं चित्र काढून खाली मास्तरांचं नाव लिहू लागली. मास्तर पुन्हा कधी शिकारीला गेले नाहीत. फक्त मे महिन्यात एकदा ते रायफल घेऊन इथे येत.

आणि हात का लटपटला, हे उर्बानला ठाऊक होतं. हात लटपटलाच नव्हता.

त्या वर्षी आगाथा आजारी होती. क्लागेनफुर्ट शहरातल्या डॉक्टरांनी उन्हाळ्यापलीकडचं काही सांगितलं नव्हतं. मास्तरांसाठी फळी तिनेच निवडली, माळ्यावर चढून, धापा टाकत. "हिची रायफल झालेली मला बघू दे," म्हणाली. उर्बानने फळी वाजवली. गालाला लावली. गाल गार पडला. वडील कानात बोलले. अजून तीन हिवाळे तरी हवे होते, आणि आगाथाकडे एकही नव्हता.

त्याने पटाशी घेतली.

ऑगस्टमध्ये उशीला टेकून तिने तेलाचा शेवटचा हात फिरवला, बोटं लाटांवरून नेत, डोळे मिटून. सप्टेंबरात ती गेली.

तिसऱ्या मे महिन्यात उर्बानने मास्तरांची नळी लाकडातून वेगळी केली तेव्हा डाव्या बाजूला, टोकाशी, पोलाद घासून चकचकीत झालेलं दिसलं. ओल्या हवेत लाकूड फुगत होतं आणि नळीला ढकलत होतं. उन्हात ते आकसायचं, गोळी सरळ जायची. धुक्यात गोळी उजवीकडे. त्याने त्याच बैठकीत आतून लाकूड खरवडलं, तेल लावलं, रायफल परत दिली. मास्तरांनी विचारलं होतं, "काही दोष?" आणि तो म्हणाला होता, "काही नाही, मास्तर. ठणठणीत आहे."

बोलला असता तर आगाथाचा शेवटचा आनंद खोटा ठरला असता, असं तेव्हा त्याला वाटलं. पुढे दर मे महिन्यात तेच वाटत राहिलं, आणि सवयीने ते खरंही वाटू लागलं.

"उर्बान," मास्तर म्हणाले, "या खेपेला जरा मोठं काम आहे. माझ्या बहिणीची नात, मिर्याम, जंगलखात्यात लागली. तिचे हात माझ्यापेक्षा आखूड आहेत. दस्ता दोन बोटं कापून द्या."

"रायफल देऊन टाकताय?" हार्टल म्हणाला.

"मग काय करू? इतकी देखणी वस्तू, आणि पडली माझ्या पदरात. ती पोरगी स्थिर आहे. एकदा तरी हिला बरा हात मिळू दे." मास्तरांनी दस्त्यावरून अंगठा फिरवला. "मी हिची माफी मागितली, खरं सांगतो. काल रात्री टेबलावर ठेवून चक्क माफी मागितली. वेडा म्हणाल."

"वेडेच आहात," हार्टल म्हणाला. "बंदुकीची माफी! त्या रानबोकडाची मागायची!"

तो आपल्याच विनोदावर हसला. मास्तरही हसले, एकतीस वर्षं हसत आले तसे, ओठांनी. टोपी मात्र त्यांनी गुडघ्यावरून उचलून छातीशी धरली.

उर्बानने पट्टी घेतली, दस्त्याला लावली. दोन बोटांवर शिसपेन्सिलीने रेघ ओढली. करवत खुंटीला होती. तो उठला, करवतीपर्यंत गेला आणि रिकाम्या हाताने परत आला.

"काय झालं?" हार्टलने विचारलं.

उर्बान स्क्रू सोडवू लागला. एक, दुसरा. नळी लाकडातून अलगद वर आली, पाळण्यातून मूल उचलावं तशी. लाकूड त्याने क्षणभर स्वतःच्या गालाला लावलं. कोरडं होतं, उबदार. आता कसं छान सुकलं होतं.

"मास्तर, बोट द्या तुमचं."

"हं?"

"इथे, आत. टोकाशी. फिरवा. लागतंय काही?"

मास्तरांनी चष्मा सावरला. बोट खोबणीतून सावकाश पुढे गेलं आणि थांबलं. "खोलगट आहे जरा. कुणीतरी खरवडलंय."

"मी खरवडलंय."

"कशाला?"

हार्टलचं हसू अर्धवट राहिलं. चर्चची घंटा वाजू लागली. उर्बानने ती पुरी वाजू दिली. मग त्याने मास्तरांचं बोट तिथेच, आपल्या तेलकट हाताखाली धरून ठेवलं.

"तुमचा हात कधी लटपटलाच नाही, मास्तर. लाकूड ओलं होतं. ओलं आहे हे कळत असून मी कापलं, आगाथाला दाखवायचं होतं म्हणून. धुक्यात ते फुगायचं आणि तुमची गोळी बाजूला न्यायचं. मला हे अठ्ठावीस वर्षांपासून माहीत आहे."