दहापैकी चार

मित्रांनो, मी एक जुना भारमापक आहे. दिसायला काड्यापेटीएवढा, काळाकुट्ट, आणि एका कोपऱ्यावर लाल नखरंगाचा ठिपका. भार म्हणजे वजन नव्हे बरे का. खेळाडू किती धावली, किती जोरात धावली, किती वेळा गर्रकन वळली, हे सारे मी मोजतो. खेळाडूंच्या तंग बंडीला दोन खांद्यांच्या मधोमध एक खिसा असतो. तेच माझे घर.

नव्या कोऱ्या भावंडांबरोबर मी नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या स्टाइनविक गावी आलो, तिथल्या महिला फुटबॉल संघात. तोरुनने मला उचलले आणि दुसऱ्या कोणी पळवू नये म्हणून लगेच तो ठिपका लावला. ती मधल्या फळीत खेळायची. चेंडू जिथे, तिथे तोरुन. कोणी किती पळायचे आणि कोणी विसावायचे, हे आमचा प्रशिक्षक वेगार्द ठरवायचा. सरावानंतर तो आमचे आकडे पडद्यावर लावी आणि म्हणे, "आज पण तोरुनच पुढे. बाकीच्यांनी गोड वॅफल जरा कमी खा." मग मी खिशातल्या खिशात फुगायचो.

पुढे तोरुनला मुलगी झाली, तीरिल. मी वर्षभराहून अधिक काळ एका खणात, तुटक्या नाड्यांच्या गुंत्यात पडून राहिलो. बंद यंत्राला एकटे वाटत नाही, असे तुम्हाला कोणी सांगितले?

ऐन हिवाळ्यात तोरुन परतली. तीच पाठ, तीच ऊब, फक्त आता दुधाचा वास येत होता. मला अगदी घरी आल्यासारखे झाले.

मित्रांनो, मला पावले मोजता येतात, पण कोणाला किती दमल्यासारखे वाटते ते नाही कळत. म्हणून सराव संपला की वेगार्द प्रत्येकीला विचारतो, "दहापैकी किती?" एक म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे आता उचलूनच न्या. तोरुन रोज म्हणायची, "चार." इकडे तिची पाठ भात्यासारखी हलत असायची. ते चार नव्हते.

पण वसंतातला घरच्या मैदानावरचा पहिला सामना जवळ आला होता. त्यात उतरायचे, एवढे एकच तिच्या मनात होते. मोठा आकडा सांगितला तर वेगार्द 'थांब' म्हणेल, ही तिला धास्ती. मैदानावर तिला अजून थोडेच पळवत, म्हणून माझे आकडेही लहानच, त्यामुळे वेगार्दचा तिच्या चारवर विश्वास बसला. पुढच्या आठवड्यापासून तिचे धावणे वाढवायचे त्याने ठरवले.

अशातच एका शुक्रवारी सराव संपायला उशीर झाला. पाळणाघर बंद व्हायला आले होते. तोरुनने बंडीवरच स्वेटर चढवला आणि ती निघाली. मी पाठीवर तसाच, मोजत. बंडी उतरली ती थेट संध्याकाळी, तीरिलच्या अंघोळीच्या वेळी.

दुसऱ्या दिवशी वेगार्दने तिला पडद्यासमोर बसवले.

"काय गं, काल दुपारी कुठल्या दुसऱ्या संघाकडून खेळलीस?"

"मी? घरी होते."

"सरावानंतर तू डोंगर चढलीस. तोही काहीतरी ओढत."

"आमच्या चढावर बर्फ आहे अजून. बाबागाडी जात नाही, म्हणून घसरगाडी."

"त्या गाडीवर काय होतं?"

"तीरिल. आणि बटाटे."

"बरं. मग पुढे तासभर तू जागच्या जागी झुलत होतीस. हा कुठला व्यायाम?"

"तिला दात येताहेत."

वेगार्द हसला, मग त्याने हसणे आवरले. "आणि मला सांगतेस चार?"

"आठ म्हटलं असतं तर बाकावर बसवलं असतंस."

"चार म्हणालीस म्हणून मी तुला आणखी पळवणार होतो, बाई. मग बाक कसला, स्नायू फाटून घरी पलंगावर बसली असतीस. सामना खिडकीतून बघितला असतास."

तोरुनने पडद्यावरच्या आकड्यांकडे पाहिले. ती म्हणाली, "आठ. कधी कधी नऊ."

"हं. आता बोलू."

त्याने सगळे नव्याने मांडले. चढ हिशेबात धरला, बटाटेसुद्धा धरले. दर गुरुवारी बाकीच्या पळत असताना तोरुनने मालिशच्या खोलीत झोपायचे.

"झोपेचा पण आकडा लावणार का?" ती कुरकुरली, आणि पुढच्या मिनिटाला घोरू लागली.

सामन्यात ती शेवटचा अर्धा तास खेळली. गोल दुसरीनेच केला. पण सगळ्यांचे पाय जड झाले होते तेव्हा ती धावत होती, आणि तिच्या पाठीवर बसून मीही.

आता संघात नवे, चिमुकले मापक आले आहेत. मी तोरुनच्या स्वयंपाकघरात राहतो. तीरिल मला स्वेटरमध्ये पाठीशी खोचते आणि टेबलाभोवती पळत सुटते. माझ्यात वीज नाही, तरी मी मनातल्या मनात मोजतो. दमून ती गालिच्यावर पसरली की तोरुन विचारते, "दहापैकी किती?"

तीरिल दोन्ही हातांची बोटे पसरते. "दहा," म्हणते आणि तिथेच झोपते.

मित्रांनो, असे खरे सांगत जा. आणि आज तुमच्या आईलाही एकदा विचारा, दहापैकी किती. ती चार म्हणाली, तर पुन्हा विचारा.