आधी कोणती कपिला?

शिंपीणआजींनी पणतीचं दुपटं शिवून तीन दिवस झाले होते. उजवा कोपरा तेवढा मोकळा होता. तिथे बाळाचं नाव भरायचं होतं. साठ वर्षं आजींनी गिऱ्हाइकांच्या कॉलरच्या आतून त्यांची नावं दोऱ्यानं घातली, म्हणजे धुलाईला गेलेले कपडे एकमेकांत मिसळू नयेत. स्वतःच्या कपड्यांवर मात्र नुसती फुली.

"आजी, उद्या नोंदणीची शेवटची तारीख," नात म्हणाली. "मी तुझंच नाव देणार. कपिला."

"देऊन तर बघ! जगात नावांचा दुष्काळ पडलाय का? पोरीला गाईचं नाव!"

"शब्दकोशात पाहिलं मी. कपिला म्हणजे पिंगट, तांबूस रंगाची."

"हो ना. तशीच गाय होती आमची. तिच्यावरून उरलंसुरलं मला चिकटवलं. दादाला विचार."

दादा म्हणजे आजींचे थोरले भाऊ, घड्याळं दुरुस्त करणारे. आजी पाच वर्षांच्या असताना त्यांनीच ही गोष्ट सांगितली होती. मग शाळेत पोरं 'हम्मा आली, हम्मा आली' करत मागे लागायची. सासरी पहिल्या दिवशी आजींनी नाव इतकं हळू सांगितलं, की सासूबाईंना वाटलं, सून मुकीच मिळाली. आईला एकदा खरं-खोटं विचारावं, असं पुष्कळदा मनात आलं. पण खरंच निघालं तर? म्हणून विचारलंच नाही.

"चल, विचारूच," म्हणत नातीनं बाळ उचललं.

दादांचं दुकान दोन गल्ल्या सोडून. डोळ्याला भिंग लावून ते एका मनगटी घड्याळाच्या पोटात डोकावत होते.

"दादा, सांग हिला. माझं नाव कुणावरून ठेवलं?"

दादांनी मान वर केली. खिडकीतलं ऊन नेमकं बाळाच्या डोक्यावर पडलं होतं आणि जावळ पिंगट चमकत होतं. त्यांनी भिंग काढून ठेवलं.

"अगदी हेच," ते पुटपुटले. "तुझंही असंच होतं. आईनं तुला उन्हात धरलं आणि तिथल्या तिथे नाव ठरवलं."

"आणि गाय?"

"गाय कुठली तेव्हा? तू तीन वर्षांची झाल्यावर आली ती."

आजी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या.

"बाबांनी ती कालवड माझ्यासाठी आणली होती," दादा म्हणाले. "मी तिचं नाव राणी ठेवलं. पण ती दिवसभर तुझ्या मागे. आईनं 'कपिले, जेवायला ये' म्हटलं, की पुढे तू आणि मागे ती. माझ्या 'राणी'ला कान हलवेल तर शपथ! महिन्याभरात घरदार तिलाही कपिला म्हणायला लागलं. माझी कालवडही गेली, नावही गेलं. मग तू विचारलंस, आधी गाय का आधी मी? दहा वर्षांचा होतो. राग होता. दिलं उलटं सांगून."

"आणि सत्तर वर्षं मूग गिळून बसलास?"

"आधी मजा वाटली. मग भीती. मग लाज."

"लोकांची घड्याळं बरोबर करतोस, मेल्या!" आजी म्हणाल्या. चांगल्या संतापल्या होत्या. पण गल्लीच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्यांना हसू फुटलं, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आपण गाईवरून नाही, गाय आपल्यावरून!

घरी येताच त्यांनी दोऱ्यांचा डबा उघडला. एकेक रीळ बाळाच्या जावळाशी धरून पाहिलं. लाल नको, तपकिरी नको. तळाशी एक पिंगट रीळ सापडलं. नातीनं सुई ओवून दिली. तासाभरात कोपरा भरला. उरलेला दोरा आजींनी टाकला नाही. स्वतःच्या पोलक्याचा गळा उलटवून त्यांनी फुली उसवली आणि तिथे पहिलं अक्षर घातलं.

"कपिलाऽ," नात पाळण्यावर वाकून म्हणाली.

"ओ!" खोलीच्या त्या टोकाकडून आजी म्हणाल्या.

"तुला नाही गं, आजी!"

"असू दे. हाक एकीला, यायचं दोघींनी. आमच्या घरची रीतच आहे ती," म्हणत आजी उठल्या आणि पाळण्यापाशी आल्या.