दोन रूपाली कांबळे

१९९८ साली रूपाली कांबळे डेटाबेस विषयात नापास झाली. निदान शाहूपुरीतल्या तिच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर तसं लागलं होतं. उचगावहून रोज सायकल हाणत येणारी ही पोरगी मधल्या सुट्टीत निम्म्या वर्गाला तोच विषय समजावून सांगायची. तिला चौदा गुण?

ऑफिसातले क्लार्क बाळासो मान वर न करता म्हणाले, "कॉम्प्युटरनं काढलंय. त्यो चुकत न्हाय. परत बस परीक्षेला."

"मी न्हाय बसणार काका."

तिनं तिथंच उभं राहून यादी मोजली. पेपर दिला होता दोनशे बारा जणांनी. नावं दोनशे सातच. पाच माणसं गेली कुठं?

दुपारी तुकड्या पालथ्या घालताना ब तुकडीत तिला राधानगरीची एक मुलगी भेटली. नाव रूपाली केरबा कांबळे. बापाचं नावसुद्धा तेच!

"चौदा माझेच असतील गं," ती ओशाळून म्हणाली. "तापात पेपर दिलता."

दुसऱ्या दिवशी पोवार सरांच्या डेटाबेसच्या तासाला रूपालीनं सरळ खडू उचलला. निकालाचा प्रोग्रॅम सरांनीच लिहिला होता.

"सर, प्रत्येक नोंदीला दुसऱ्या कुणाची नसलेली खूण पायजे, तीच प्रायमरी की, असं तुम्हीच सांगितलंय. मग तुम्ही नावालाच प्रायमरी की का केलं? त्याच नावाची दुसरी पोरगी आली की पहिलीचे गुण पुसले जातात. हजेरी नंबरही चालत न्हाय, तो प्रत्येक तुकडीत एकपासून सुरू होतो. प्रत्येकाला वेगळा नंबर द्या."

"खाली बस."

"न्हाय सर."

तासानंतर सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "तुझे गुण दुरुस्त करतो. बोभाटा नको."

"एकटीचे नकोत. पाचही जणांचे करा. आणि चूक ऑफिसच्या प्रोग्रॅमची होती, असं बोर्डावर लावा."

"कांबळे, जास्त होतंय."

"चौदा लावताना जास्त झालं न्हाय?"

दारातून आवाज आला, "मी बी हाय सर." राधानगरीची रूपाली आत येऊन तिच्या शेजारी उभी राहिली.

तीन दिवस दोघी ऑफिससमोरून हलल्या नाहीत. चौथ्या दिवशी दोन ओळींची नोटीस लागली, चूक कबूल करणारी. उचगावच्या रूपालीला अठ्ठ्याहत्तर गुण होते. राधानगरीच्या रूपालीचे चौदाच राहिले, पण आता तिच्या स्वतःच्या वेगळ्या नंबरासमोर. तिनं फेरपरीक्षेचा फॉर्म भरला आणि म्हणाली, "आता मला शिकीव."

बाळासोंनी त्यानंतर रूपालीला एकही दाखला वेळेवर दिला नाही. ती रोज जाऊन मागायची.