बंद न होणारा इंडिकेटर

बायको गेली आणि माझ्या जीपचा इंडिकेटर बंद व्हायचं नावच घेईना. एकदा वळलो की पुढे मैलभर त्याची टिकटिक चालूच. मागचे लोक हॉर्न वाजवून, खिडकीतून हात नाचवून पुढे निघून जात. दिव्यांच्या बटणाची तीच तऱ्हा. खड्डा आला की दिवे डोळे मिटत आणि पुढच्या खड्ड्याला मनात आलं तर उघडत.

मी जन्मभर वीजखात्यात होतो. डोंगरातल्या खांबांवर चढून तारा ओढल्या, लोकांच्या घरात उजेड पाडला. त्यामुळे हे दुखणं आपणच काढू म्हणून बसलो. फ्यूज बदलले, वायरींची टोकं घासली, अर्थिंग नव्यानं आवळलं. फरक शून्य.

मग दोष कुणाचा हे ठरवायला मला वेळ लागला नाही. जावयाचा. जीप परक्या हातात एकदाच गेली होती. हिला शेवटचं इस्पितळात नेलं त्या दिवशी मी नंबर लावायला सकाळीच पुढे गेलो होतो आणि हिला जीपमधून जावयानं आणलं. माणूस सज्जन, पण आयुष्य गेलं टेबलापाशी. तो गिअर टाकतो तेव्हा गाडीला उचकी लागते. त्यानंच इंडिकेटरची दांडी हिसकली असणार. फोनवर मुलीला मी तसं तोंडावर सांगितलं.

"बाबा, आईचा शेवटचा प्रवास होता तो. आणि तुम्हाला त्यातला स्विच आठवतोय?"

"गाडी चांगली होती माझी. तुझ्या नवऱ्यानं वाट लावली. निदान कबूल तरी करावं माणसानं."

तिनं फोन ठेवला. दोघं दर रविवारी यायची, ती यायची थांबली. माझ्याशी बोलायला तेवढीच दोन माणसं उरली होती, तरी मी माघार घेतली नाही. खरं तर रडण्यापेक्षा रागावणं मला सोपं जात होतं. रविवारी रस्त्यावर एखादी गाडी थांबली की मी खिडकीशी जायचो. पाहुणे शेजाऱ्यांचे असायचे. मग मी परत येऊन खुर्चीत बसायचो आणि जावयावर नव्यानं चिडायचो.

शेवटी एका संध्याकाळी ऐन वळणावर दिवे गेले आणि मी कठड्याला घासून थांबलो. दुसऱ्या दिवशी निमूटपणे जीप फ्यूजकडे नेली. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा हा माणूस चटकन उडतो, म्हणून सगळे त्याला फ्यूज म्हणतात. आमचं बरं जमतं.

"जावयानं मोडलंय," मी आल्या आल्या सांगून टाकलं.

"आधी उघडून तर बघू द्या. मग चढवा त्याला फासावर."

त्यानं स्टिअरिंगखालचं झाकण काढलं, आत बॅटरी मारली आणि एक प्लास्टिकचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.

"चाक सरळ झालं की हा दात दांडीला मागे ढकलतो. हा मोडलाय. पण मोडलेली कड बघा, नुसता मळ बसलाय. ताजी मोड पांढरी दिसली असती. हे कैक वर्षांपूर्वीचं आहे."

"शक्यच नाही. आत्ता आत्तापर्यंत आपोआप बंद व्हायचा."

"आपोआप?" फ्यूज हसला. मग त्यानं डॅशबोर्डच्या मधलं दिव्यांचं बटण उपसलं. "याचीही स्प्रिंग कधीच मेलीय. दाबून धरलं तरच दिवे राहतात. बटणाची ही कड कशी गुळगुळीत झालीय बघा. अंगठ्यानं. आणि ही कड तुमच्या बाजूची नाही. शेजारी कोण बसायचं?"

मी त्याच्या स्टुलावर बसलो. हिला शेजारी घेतल्याशिवाय जीप मी कधी बाहेर काढलीच नव्हती.

घाटात ती नेहमी डॅशबोर्डला हात लावून बसायची. अंधार पडला की हटकून. मी म्हणायचो, "भित्री भागूबाई कुठली! सोड तो डॅशबोर्ड, मी आहे ना." ती हसायची. हात काढायची नाही. साऱ्या मुलखाला उजेड देणाऱ्या माझ्या घरी दिव्याखाली अंधार, आणि तो तिनं एका अंगठ्यावर धरून ठेवला होता.

फ्यूजनं दोन्ही स्विच नवे बसवले. घरी येऊन मी फोन लावला. जावयानंच उचलला.

"जावईबापू, तो स्विच तुम्ही मोडला नव्हता. माझं चुकलं."

"माहीत आहे, बाबा."

"माहीत होतं? मग माझं बोलणं कशाला ऐकून घेतलंत?"

"त्या दिवशी आईंना धड बसवतही नव्हतं. माझ्या शेजारी उशीला टेकून डोळे मिटून होत्या. तरी पहिलं वळण झालं आणि त्यांनी हात लांब करून इंडिकेटर बंद केला. मग प्रत्येक वळणाला तेच. मी म्हटलं, राहू द्या आई, मी करतो. तर म्हणाल्या, यांना सांगू नका हं. त्यांना वाटतं, गाडी ठणठणीत आहे."

मी फोन कानाशी तसाच धरून खिडकीतून अंगणातल्या जीपकडे बघत राहिलो.

"बाबा, आहात ना?"

"आहे," मी म्हणालो. "रविवारी या दोघं."

फोन ठेवून मी अंगणात जीपमध्ये जाऊन बसलो. इंडिकेटर लावला, चाक वळवून सरळ केलं. टक् करून दांडी आपली आपण मागे आली. फ्यूजचं काम चोख होतं. शेजारच्या सीटकडे बघवेना, इतकी ती रिकामी होती.

मी पुन्हा इंडिकेटर लावला. या वेळी चाकाला हात लावला नाही. टिकटिक चालू राहिली. मी सरकून तिच्या जागेवर बसलो, हात लांब केला आणि तो बंद केला. तिथून दांडीपर्यंत हात पोचवायचा तर चांगलंच वाकावं लागतं. हे मला आजवर माहीत नव्हतं.