बर्फात अडकलेली बटणं

पाळणाघराला कुलूप तुम्ही घातलंत. ऊन फार आहे म्हणालात, पंखे बसवायचे सोडून दाराला टाळं ठोकलंत, आणि वर प्रत्येक आईच्या हातात एक गुळगुळीत कागद कोंबलात: 'उन्हाळ्यात घरच्या घरी बर्फाचे सोपे खेळ.' घरी फ्रीज आहे का, एवढंही विचारलं नाहीत.

लादीवाल्याकडे नव्हता. बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढून त्याची वीस वर्षं गेली होती. घरी तो रोज गोणपाटात बांधून बर्फ आणायचा, पण खेळायला नव्हे. त्याच्या चार वर्षांच्या पोरीला साखरेचा आजार. तिच्या इंजेक्शनची बाटली रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये, फडक्यात गुंडाळून, बर्फावर ठेवलेली असे. महिन्याला एक, तीही तुमच्याच सरकारी दवाखान्यातून. देणाऱ्याने बजावलं होतं, "गार ठेवा, पण गोठू देऊ नका. गोठलं की औषध मेलं."

पोरीला सगळे बटण म्हणत. आई घरी शर्टांना बटणं लावायची आणि ही शेजारी डबा उपडा करून बसायची, म्हणून.

"अहो, हा कागद वाचा," बायको म्हणाली. "तुमच्या पोरीचं काहीतरी करा, नाहीतर मी हिलाच शर्टाला शिवून टाकीन."

"बरं आहे! धिंगाणा घातला की माझी, शहाणी वागली की तुझी!"

दुसऱ्या दिवशी त्याने वाडगाभर पाण्यात बटणं टाकली आणि वाडगा कारखान्याच्या टाकीत सोडला. टाकीतलं पाणी खारट असतं. ते स्वतः गोठत नाही, पण आत बुडवलेल्या डब्यातलं गोडं पाणी दगड करून टाकतं. दुपारी तो गोळा घेऊन आला. खिशात खडेमीठही होतं, कारण कागदात लिहिलं होतं, 'मीठ टाका आणि अडकलेल्या खेळण्यांची सुटका करा.'

बटणने मुठीमुठीने मीठ टाकलं. बर्फ कडकडला.

"बाबा, लाल सुटलं! लाल सुटलं!"

लादीवाला तासभर उकिडवा बसून राहिला. त्या खोलीत कितीतरी दिवसांनी तिघं एकदम हसली. उरलेलं मीठ तिथेच राहिलं.

तिसऱ्या दिवशी तो कामावरून आला तेव्हा बायको शिवलेले शर्ट पोचवायला कोपऱ्यावर गेली होती. बटण दारातच उभी, कोपरापर्यंत मीठ.

"बाबा, मी एकटीने सुटका केली!"

"कोणाची गं?"

"औषधाची. ते पण अडकलंय ना बर्फात. तुम्ही कामावर गेलात तेव्हाच मीठ टाकलं. सुटलं असेल आता."

त्याने झाकण उघडलं. फडकं पत्र्यासारखं ताठ. बाटलीत पांढरा दगड. मिठाने बर्फ वितळतो, पण ते पाणी बर्फाहून गार होऊन आतलं गोठवतं, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. त्यानेच पोरीला सांगितलं नव्हतं, आणि ते मीठही त्याच्याच खिशातून आलं होतं.

तो ओरडला नाही. "शहाणी गं माझी," एवढंच म्हणाला, आणि बाटली घेऊन पळत सुटला.

दवाखान्याच्या खिडकीत तुमचा माणूस होता.

"पुढची एक तारखेला."

"साहेब, आज अठरा आहे."

"बाटली सांभाळता येत नाही का?"

"तुमच्या कागदात लिहिलंय हो, मीठ टाका म्हणून."

"तो कागद दुसऱ्या विभागाचा."

बाहेरच्या औषधाच्या दुकानात ती बाटली नव्हती. मोठ्या इस्पितळात म्हणाले, पोरगी बेशुद्ध पडली की आणा, मग दाखल करू.

तो घरी परतला. बायको सुई आणि सिरिंज ताटलीत काढून बसली होती. त्याच्या तोंडाकडे बघून तिने ताटली झाकली. बटण पाण्याचा चौथा पेला पीत होती.

"बाबा, सुटलं का?"

बाटलीतलं औषध त्याच्या मुठीत वितळलं होतं. आत ढगाळ पाणी, पाण्यात गुठळ्या.

कागदाच्या तळाशी शिक्का तुमचा आहे. दवाखान्याच्या पाटीवरही तोच आहे. विभाग कुठला ते आम्हाला सांगू नका. संध्याकाळच्या इंजेक्शनची वेळ झालीय, पोरगी बाही वर करून बसलीय. बोला, सुईत काय भरायचं?