डावी कळ

"इंजान न्हाय हिला?" चाकाच्या खुर्चीतून पिराजीआबांनी विचारलं.

"न्हाय आबा. वाऱ्यावर जाती."

"म्हंजी वारा पडला की बसायचं बोंबलत."

गुडघाभर पाण्यात उतरून आकारामनं होडी हलकेच सोडली. मीटरभर लांबीची, सागवानी पट्ट्यांची, खाली शिशाचं वजन, वर दोन पांढरी शिडं. वर्कशॉपात फाउंड्रीच्या ओतकामासाठी लाकडी नमुने करताना उरलेल्या तुकड्यांतून ती तीन वर्षांत उभी राहिली होती. रविवारी सकाळी त्याची बायको अनुजा सासऱ्यांपाशी तासभर बसायची आणि तो कळंबा तलावावर यायचा. आठवड्यातला तेवढाच तास त्याचा. आज अनुजाला जोतिबाला भावाकडं जावं लागलं, म्हणून त्यानं आबांनाही रिक्षात घालून आणलं होतं.

पुढच्या रविवारी पुण्याजवळ अशाच होड्यांची शर्यत होती. त्यानं नाव नोंदवलं होतं. "जावा तुम्ही, मी बघते आबांचं," असं अनुजानं आपणहून सांगितलं होतं. आबांचं डावं अंग लुळं पडल्याला नऊ वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत तो एकदाही परगावी मुक्कामाला गेला नव्हता.

रिमोटला दोन कळा होत्या. उजवी सुकाणू फिरवायची, डावी शिडाची दोरी ओढायची नि सोडायची. होडी वाऱ्याला कलून सुसाट निघाली, तसे आबा एकाएकी म्हणाले, "आन हिकडं."

"हातातनं पडंल, आबा."

"तीस वर्सं राधानगरीची एस्टी चालवलीया म्या. आन म्हंतो न्हवं?"

आकारामनं रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला. आबांच्या उजव्या अंगठ्यानं उजवी कळ ढकलली. होडी गर्रकन वळली, आणि आबा हसले. तोंड एका बाजूला ओघळलेलं, तरी मोठ्यानं हसले.

"कापड फडफडाय लागलंय बघ. वढ की ते."

त्यांचा डावा हात मांडीवर निपचित होता. आकारामनं खुर्चीमागून वाकून डावी कळ ओढली. शीड ताठ झालं.

ऊन चढलं. "आबा, जरा मला द्या."

"थांब. त्या बाभळीपतोर जाऊन येऊ दे."

बाभळीपर्यंत तीनदा जाणं झालं. मग घरी निघायची वेळ झाली.

त्या आठवड्यात आबांनी गोळ्यांवरून एकदाही शिवी दिली नाही. बुधवारी आपल्या हातानं भाकरी खाल्ली. शुक्रवारी शर्टाला इस्त्री करून घेतली. "परवा लवकर निघू. सकाळचा वारा बरा आस्तोय."

अनुजा स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "मी घेऊन जाते की त्यांना तळ्यावर. तुम्ही जावा."

"होडी एकच हाय," आकाराम म्हणाला.

शनिवारी दुपारी, वर्कशॉपच्या मागं उभा राहून, त्यानं पुण्याला फोन लावला. "न्हाय जमत. घरात जरा काम निघालंय." पलीकडचा माणूस भला होता. पुढच्या वर्षी नक्की या, म्हणाला.

"व्हय, बघू की."

रविवारी वारा खरंच छान होता. आकाराम खुर्चीमागं कमरेत वाकून उभा होता. तिकडं एव्हाना पहिली फेरी सुटली असेल.

"वढ," आबा म्हणाले. त्यानं ओढली.

"सोड."

त्यानं सोडली. दोरी पार सुटली, शीड आडवं लोळलं.

"येडा हाईस काय रं? एवढं सोडायचं आस्तंय व्हय? वढ."

त्यानं ओढली.